चुना लावलेली गिटार

माझ्या मामाने आयुष्यभर लोकांच्या रेडिओतली खरखर काढली, आणि मी त्याच्याच दुकानात बसून गिटारीत खरखर भरायला शिकले. त्याबद्दल त्याने मला पुरतं माफ केलंय असं मला अजून वाटत नाही.

दुकान जव्हारला, एसटी स्टँडकडून बाजारात शिरताना लागायचं. आत मामा आणि एक गिऱ्हाईक मावलं की बाकीच्यांनी आपापले रेडिओ बाहेरूनच हात लांब करून द्यायचे. बारावीच्या गणिताने मला आडवं केलं, तेव्हा पोरीच्या हातात काहीतरी कला असू दे म्हणून आईने मला तिथे नेऊन बसवलं. खरं तर आईच्या मनात शिवणकाम होतं. पण शिवणवर्गाच्या बाईंचं आणि माझं पहिल्याच दिवशी वाजलं, आणि उरला तो मामा. मामाने माझ्या हातात सोल्डरिंग आयर्न दिलं आणि म्हणाला, जे तुटलंय ते जोड, जे जोडलेलं आहे त्याला हात लावू नकोस. पहिलं वाक्य मी पाळलं. सोल्डरिंगच्या राळेच्या धुराचा वास मला इतका आवडायचा की घरी जाताना मी ओढणी हुंगत जायची.

माझा दादा गिटार वाजवायचा. नाशकातला एक ऑर्केस्ट्रा बंद पडला, त्यांचं सामान विकायला निघालं, त्यातून त्याने ती आणली होती. लाल रंगाची, पोटाशी रंग उडालेली, आणि आवाजाचं एक बटण हरवलं होतं म्हणून तिथे टूथपेस्टचं झाकण बसवलेलं. दादा दिवसभर ती मांडीवर घेऊन बसायचा आणि घरातल्या सगळ्यांच्या वतीने आई कपाळाला हात लावायची. पुढे त्याला गावातल्या बेंजो पार्टीत घेतलं. बेंजो पार्टी म्हणजे लग्नाच्या मिरवणुकीत वाजवणारी मंडळी. पुढे टाइपरायटरसारखी बटणं असलेला बेंजो, त्याच्या आजूबाजूला ढोल, ताशा, झांज, आणि मागे हळूहळू चालणाऱ्या जीपवर अ‍ॅम्प्लिफायर आणि कर्णे. बेंजोची आणि गिटारीची वायर जीपपर्यंत जायची, त्यामुळे वाजवणारे दावणीला बांधल्यागत तेवढ्याच अंतरात फिरत. सगळ्यांना लाल सॅटिनचा युनिफॉर्म आणि कमरेला घट्ट पांढरा पट्टा. पार्टीचे मालक स्वतः बेंजो वाजवायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणत.

अडचण अशी होती की ढोल-ताशा सुरू झाला की दादाची गिटार ऐकूच यायची नाही. तो वाजवतोय हे फक्त त्याला माहीत आणि मला. मी फुटपाथच्या कडेने चालत त्याची बोटं बघायची आणि कोणतं गाणं आहे ते ओळखायची. लोक त्याला विचारायचे, बाबा रे, तू हे नुसतं धरून चालतोस का?

आमचे बाबा शाळेत शिक्षक. घरी-दारी सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे, त्यामुळे दादाच्या आयुष्यात एक गुरुजी होते आणि एक मास्तर, आणि दोघांचंही समाधान करणं त्याच्या नशिबी होतं. बाबांचा जीव गणितात आणि राग तंबाखूवर. दर शनिवारी प्रार्थनेनंतर ते तंबाखूवर बोलायचे आणि मग पोरांचे खिसे तपासायचे. आमच्याकडे पाहुणा आला आणि त्याने खिशात हात घातला की बाबा अतिशय आदराने त्याला अंगणातल्या जास्वंदीपर्यंत पोहोचवून यायचे. जे काय मळायचं ते तिथे. स्टँडवरच्या पानटपरीसमोरून जावं लागू नये म्हणून ते रस्ता ओलांडून पलीकडून चालायचे आणि टपरी संपली की परत अलीकडे यायचे. हे सगळ्या जव्हारला माहीत होतं.

दादावर ते कधी ओरडले नाहीत. एकदा जेवताना शांतपणे म्हणाले की बोईसरला दोऱ्याच्या कारखान्यात ओळखीतून जागा होतेय. ही लग्नसराई बघू. मास्तरांनी तुला कायमचा ठेवला तर माझं काही म्हणणं नाही, नाहीतर पावसाआधी तू तिकडे रुजू हो आणि गिटार माळ्यावर ठेव. दादा बरं म्हणाला. त्याच्या ताटातला भात तसाच राहिला. मला रडायला आलं आणि रागही आला, कारण बाबांचं म्हणणं चूक आहे असं म्हणायलाही जागा नव्हती. ऐकू न येणारी गिटार कोण ठेवून घेईल?

म्हणजे ती ऐकू आली पाहिजे. एवढाच प्रश्न होता आणि तो मला गणितापेक्षा सोपा वाटला.

दुकानात कुणाचा तरी टेप दुरुस्त करून लावला होता, त्यात एका गाण्यात अशी गिटार होती की मी हातातलं काम टाकून उभी राहिले. फाटलेली, चिडलेली, लांबच लांब ओढलेली. मागे काय काय वाजत होतं, पण ती सगळ्यांच्या डोक्यावरून जात होती. मी मामाला विचारलं, हा आवाज कसा करतात? मामा कान देऊन ऐकत राहिला आणि म्हणाला, "करत नाहीत. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडलाय."

मग मला समजलं की तो मुद्दाम बिघडवलाय. मेलेल्या रेडिओंच्या ढिगातून मी ट्रान्झिस्टर काढले आणि एकामागे एक जोडले. पहिल्याने आवाज मोठा करायचा आणि दुसऱ्याच्या तोंडात इतका कोंबायचा की त्याचा घसा फाटला पाहिजे. मामा म्हणायचा हे पाप आहे. पण कंडेन्सर कुठला लावू हे विचारलं की चहा ठेवून उठायचा आणि नेमका काढून द्यायचा. पहिल्यांदा दादाने त्यातून तार छेडली तेव्हा दुकानात असा आवाज झाला की दुरुस्त केलेला रेडिओ न्यायला आलेले एक गृहस्थ तो परत काउंटरवर ठेवून म्हणाले, अजून बिघडलेलाच आहे हो हा. दादा आणि मी हसून हसून खाली बसलो.

या यंत्राला पेडल म्हणतात, कारण ते जमिनीवर ठेवून पायाने दाबायचं असतं. स्टेजवर ठीक आहे. मिरवणुकीत जमीन मागे जात असते. जीपवर ठेवून बघितलं, पण दादा पुढे आणि यंत्र मागे, नको तेव्हा सुरू आणि हवं तेव्हा बंद. तेव्हा ठरलं की पेडल कमरेच्या पट्ट्यात खोचायचं आणि कोपराने दाबायचं. आणि कमरेशी युनिफॉर्म फुगलेला दिसला की मास्तर चारचौघांत पोट मोजायला येत, म्हणून ते अगदी एवढंसं पाहिजे. एवढंसं म्हणजे किती, हे मी रोज नव्याने शिकत होते. ट्रान्झिस्टरचे पाय कापून आखूड केले, कंडेन्सर आडवे झोपवले, मधे वहीचा कागद घातला. आईचा कुंकवाचा करंडा घेऊन बघितला, त्यात सगळं बसलं पण झाकण बसेना, आणि आईला करंडा परत हवा होता. शेवटी प्रवासातल्या साबणाची छोटी प्लास्टिकची डबी मिळाली. तिच्यात मी सगळं कोंबलं आणि गर्वाने फुगून गेले.

त्या साबणाच्या डबीने जव्हारच्याच एका लग्नात आमची अब्रू घेतली. मंगलाष्टकं चालू होती. अक्षता टाकल्या की वाजवायचं म्हणून पार्टी मांडवाबाहेर तयारीत उभी. दादाने पेडल सुरू करून ठेवलं होतं. भटजींनी श्वास घेतला, सगळं शांत झालं आणि कर्ण्यांतून एक गंभीर आवाज म्हणाला की भातावर करपा दिसू लागल्यास शेतकरी बांधवांनी वेळीच फवारणी करावी. तो रेडिओचा शेतीचा कार्यक्रम होता, आणि तो दादाच्या कमरेतून येत होता. लोकांनी आधी वर बघितलं. नवरीच्या आईने करपा हा शब्द ऐकला आणि तोंडावर पदर घेतला. मी मांडवाच्या खांबामागे गेले आणि हसू दाबता दाबता मला ठसका लागला.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं की आता खोडाळा गावात लग्न आहे, मोठं वऱ्हाड आहे. "तिथे मला गिटार ऐकू आली पाहिजे, आणि फक्त गिटारच. नाही आली तर दुसऱ्या दिवसापासून तू झांज धर, नाहीतर घरी बस." झांज धरणाऱ्याला गुरुजी काही कायमचा ठेवलेला समजणार नव्हते. म्हणजे सगळं खोडाळ्यावर आलं.

मामाने करपा प्रकरण ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. इतके दिवस मी रेडिओ बिघडवत होते, शेवटी एकदाचा बनवला, असं त्याचं म्हणणं. मग म्हणाला, पत्र्यात घाल, पत्र्यातून रेडिओ शिरत नाही. मी बामची डबी बघितली, दंतमंजनाचा डबा बघितला. डबी फार छोटी, डबा पट्ट्यातून घरंगळून खाली पडायचा. बाजाराच्या दिवशी जीपला लटकून मोखाड्याला गेले, आणि तिथे कंगवे, सुया, काळे मणी मांडून बसलेल्या एका बाईंच्या गोणपाटावर मला ती दिसली. चुना-तंबाखूची डबी. दोन तोंडांची, एका टोकाला तंबाखूचा मोठा कप्पा, दुसऱ्या टोकाला चुन्याचा चिमुकला. कडा गोल, मुठीत बसणारी, माणसाच्या कमरेलाच राहायला जन्मलेली. शेजारी अ‍ॅल्युमिनियमच्याही होत्या, पण अ‍ॅल्युमिनियमला सोल्डर धरत नाही, म्हणून मी म्हाताऱ्या लोकांकडे असते तशी पितळी उचलली. बाईंनी विचारलं, आज्याला काय? मी म्हटलं, भावाला. त्यांनी भावाबद्दल वाईट वाटून घेतलं.

तंबाखूच्या कप्प्यात सगळं सर्किट बसलं. चुन्याच्या कप्प्यात आवाज कमी-जास्त करायचा प्रीसेट, पोह्याच्या दाण्याहून जरासा मोठा, नखाने फिरवायचा. दोन बाजूंना टेपच्या इअरफोनची सॉकेटं, बाहेर अजिबात न येणारी, आणि कडेला कोपराने दाबायचं चपटं बटण. बॅटरी आत मावेना, ती गिटारच्या पट्ट्याला रबराने बांधली आणि तिची वायर काढता-घालता येईल अशी केली. खूण म्हणून झाकणावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. इतकी सुंदर वस्तू मी त्यानंतर केलेली नाही. दुकानात मी ती उगाचच उघडून मिटायची, तिचा टक् आवाज ऐकायला.

आणि एका संध्याकाळी सुटे पैसे हवेत म्हणून बाबांनी माझ्या पर्समध्ये हात घातला.

डबी त्यांच्या तळहातावर होती. आई पोळी लाटायची थांबली. बाबांनी तंबाखूचं झाकण उघडलं, आत बघितलं, चष्मा वर करून पुन्हा बघितलं.

"हे काय आहे?"

"दादाची गिटार आहे, बाबा."

ते सावकाश खुर्चीत बसले. माझा अंदाज आहे की त्या क्षणी आत तंबाखू निघाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, निदान काय बोलायचं ते पाठ होतं. त्यांनी झाकण लावलं, डबी मला परत दिली आणि हात धुऊन आले.

खोडाळ्याच्या लग्नातली नवरी आईच्या लांबच्या नात्यातली निघाली, त्यामुळे बाबाही आले आणि मीही गेले. उन्हाळ्याचे दिवस. मिरवणूक शाळेपासून मांडवापर्यंत निघायची होती. त्याआधी शाळेच्या व्हरांड्यात वऱ्हाडाला आणि पार्टीला पोहे-चहा. दादाने खाताना पट्टा सैल केला, डबी काढून सतरंजीवर मांडीशेजारी ठेवली. त्याच सतरंजीवर नवऱ्याकडची म्हातारी मंडळी बसली होती. पोहे झाले, चहा झाला, आणि मग जे प्रत्येक लग्नात होतं तेच झालं. डब्या निघाल्या. याची त्याच्याकडे, त्याची याच्याकडे. मळता मळता गप्पा, थापटी, चिमूट, डबी पुढे.

मास्तरांनी हाक मारली. दादाने बाजूची डबी उचलून पट्ट्यात खोचली, वायर लावायला सॉकेट चाचपलं तर सॉकेट नाही. झाकण उघडलं तर तंबाखू. उत्तम, ताजी तंबाखू. त्याचा चेहरा मी लांबूनच बघितला आणि मला कळलं.

तो शोधायला जाऊ शकत नव्हता. ओळीत उभं राहायची वेळ झाली होती, आणि युनिफॉर्ममध्ये तंबाखूच्या आसपास दिसलेल्या माणसाला मास्तर तिथूनच घरी पाठवत. राहिले मी. आता व्हरांडाभर पितळी डब्या, सगळ्या कमरेत नाहीतर बंडीच्या खिशात, आणि तंबाखूची रीत अशी की मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, पण न खाणाऱ्याच्या हातात कुणी डबी देत नाही. नुसती उघडून बघून परत देणं म्हणजे माणसाचा अपमान. तेव्हा एकच मार्ग होता. मी, गुरुजींची मुलगी, दुसऱ्या खेपेला बारावी सुटून पदवीच्या वर्गात नाव घातलेली, गुलाबी ड्रेस घातलेली, पहिल्या आजोबांसमोर वाकले आणि म्हटलं, "आजोबा, थोडी तंबाखू देता?"

आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "खातंस?"

"खाते."

त्यांनी डबी दिली. ठिपका नव्हता. मी चिमूटभर घेतली, आईच्या गावच्या बायकांना मळताना बघितलं होतं तशी मळली, ओठात धरली. दुसऱ्यांची डबी, ठिपका नाही, चिमूट. पुढची अ‍ॅल्युमिनियमची निघाली, तरी चिमूट घ्यावीच लागली. म्हाताऱ्यांना मजा वाटू लागली. पोरगी शहाणी हाय, चुना बेतानं लावते, असं एक जण दुसऱ्याला म्हणाला. मग ते आपणहून डब्या पुढे करू लागले. माझे कान गरम झाले. व्हरांड्याचे खांब जागा बदलू लागले. ह्याला तंबाखू लागणं म्हणतात, हे मला ऐकून माहीत होतं, पण लागते ती डोक्याला नाही, गुडघ्यांना, हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि मला भयंकर हसू यायला लागलं. सगळं लख्ख आणि फार प्रेमळ वाटत होतं. समोरच्या खुर्च्यांत बाबा बसले होते आणि माझ्याकडे बघत होते. त्यांच्या हातातला चहाचा कप तसाच अधांतरी होता. मी त्यांना हात केला.

व्हरांड्याच्या टोकाला एक फार म्हातारे गृहस्थ एकटे बसले होते, डोक्याला फडकं, अंगात बंडी. नवऱ्याचे चुलत आजोबा. त्यांच्या हातात उघडी डबी होती आणि ते तिच्यात विहिरीत बघावं तसे बघत होते. झाकणावर लाल ठिपका. मी त्यांच्यासमोर जवळजवळ पडलेच.

"आजोबा, ही माझी."

"तुजी काय? घे बाय. पन तंबाखू नाय हिच्यात, नुसत्या तारा हायेत. म्हनलं कोणाची तरी बिचाऱ्याची रिकामी डबी, रिकामी कशी परत द्यायची? तंबाखूला जागा नव्हती, तवा चुना भरला."

मी दुसरं झाकण उघडलं. माझा चिमुकला प्रीसेट ओल्या पांढऱ्या चुन्यात गळ्यापर्यंत बुडाला होता. अंगठ्याने दाबून, नीट, कडेपर्यंत भरलेला चुना. कुणासाठी तरी मनापासून केलेलं काम होतं ते.

तेवढ्यात ताशा कडाडला. मिरवणूक निघाली होती. मी डबी घेऊन पळाले, म्हणजे माझ्या मते पळाले, बघणाऱ्यांच्या मते मी रस्त्याच्या दोन्ही कडा शिवत गेले. दादाला डबी दिली. त्याने चालता चालता वायर लावल्या. मला त्याला सांगायचं होतं की आत चुना आहे, लावू नकोस, पण तोंडात तंबाखू होती आणि जीभ माझी राहिली नव्हती. मी नुसतंच चुना, चुना म्हणत राहिले. त्याला वाटलं मी वेडी झालेय. त्याने कोपराने बटण दाबलं.

आधी काहीच नाही. मग जीपवरच्या कर्ण्यांतून एक आवाज निघाला, आणि तो मी बनवलेला नव्हता. नाकातून येणारा, ओला, लांबलचक. दादाने तारेवरचं बोट उचललं तरी तो थांबेना. बोट वर सरकवलं की तो कण्हत वर चढायचा, खाली आणलं की लहान मूल रडता रडता एकदम हसायला लागतं तसा खाली उतरायचा. ढोल होता, ताशा होता, आणि त्या सगळ्याच्या वर फक्त गिटार. घराघरांतून बायका पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. पोरं कान धरून नाचायला लागली. मागच्या सजवलेल्या जीपमधला नवरा मुंडावळ्या बाजूला करून मान बाहेर काढून बघत होता. मास्तरांची बोटं बेंजोच्या बटणांवर तशीच थांबली, आणि मास्तर थांबलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. दादा रडत होता का घाम होता, माहीत नाही. मी मात्र रडत होते, हसत होते आणि थुंकत होते, सगळं एकदम.

मागून ते चुलत आजोबा काठी टेकत झपाट्याने आले. दिसेल त्याला सांगत होते, "चुना माजा हाय. मी भरलाय." दादाच्या खांद्यावर हात ठेवून ते मांडवापर्यंत चालत गेले, आणि लोक जितकं दादाकडे बघत होते तितकंच त्यांच्याकडे.

मांडव जवळ आला तसा आवाज बारीक होत गेला आणि शेवटी नेहमीच्या फाटक्या आवाजावर आला. पण तोवर काम झालं होतं. पाणी पिताना मास्तर दादाजवळ आले आणि विचारलं, हा इफेक्ट कुठला? दादाने खरं ते सांगितलं, चुन्याचा. मास्तरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मला चुना लावलास होय रे," म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. पुढच्या लग्नापासून तू माझ्या शेजारी उभा राहायचं, मागे नाही, एवढं सांगून ते जेवायला गेले.

परत येताना घाटात मला उलट्या झाल्या. बाबांनी जीप थांबवली, माझ्याबरोबर उतरले, कपाळ धरून उभे राहिले. ते तंबाखूबद्दल काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत होते. ते फक्त म्हणाले, चूळ भर. बोईसरबद्दलही ते काही बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरच्या आठवड्यातही नाही. दादा मास्तरांचा निरोप सांगायला तोंड उघडायचा आणि बाबा पेपर वर करायचे. दादाला इथेच राहू देताहेत का बोईसरला पाठवताहेत, काही कळेना.

मामाने डबी उघडून भिंगातून बघितली. चुना वाळून खडू झाला होता. त्याचं म्हणणं असं की ओल्या चुन्यातून बारीकसा करंट जातो, पुढे गेलेला आवाज मागे येतो आणि पुन्हा पुढे जातो, म्हणून तो थांबत नव्हता. वाळला की रस्ता बंद. "म्हणजे आता बिघाडसुद्धा ताजा लागतो," असं म्हणून त्याने भिंग ठेवलं आणि कपाळ चोळलं. मी प्रीसेट बदलला. पुढे तर कितीदा बदलला, कारण चुना त्याला खाऊन टाकायचा. मी आणखी डब्या केल्या, आणखी बारीक, एक तर तपकिरीच्या डबीत बसवली. पण चुना मात्र दर लग्नाला ओला, त्या सकाळचा. भर मिरवणुकीत मास्तर माइकवरून दादाला सांगायचे, लाव चुना, आणि नवरीकडचे एकमेकांकडे बघायचे.

पण हे सगळं नंतरचं. खोडाळ्यानंतरच्या पहिल्या लग्नाची सकाळ मला आठवते. दारात पार्टीची जीप उभी, हॉर्न वाजतोय, दादा लाल युनिफॉर्ममध्ये, डबी माझ्या हातात साफ करून तयार, आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की चुना आणलाच नाही. आमच्या घरात चुना असणार कुठून? आईने शेजारी विचारलं, तिथे कुणी खात नव्हतं, निदान गुरुजींच्या शेजारी राहून कबूल करत नव्हतं. दादा टपरीकडे धावायला निघाला, तर जीपवाल्याने आता वेळ नाही म्हणून गाडी सुरू केली. दादाचा पुन्हा तोच चेहरा, खोडाळ्याच्या सतरंजीवरचा.

तेवढ्यात स्टँडकडून बाबा येताना दिसले. ते केव्हा बाहेर पडले कुणालाच माहीत नव्हतं. पांढरा शर्ट, शाळेत जायच्या तयारीत, आणि ते टपरीच्या बाजूच्या कडेने, अलीकडून चालत येत होते. त्यांच्या वर्गातली दोन पोरं मागे राहून डोळे फाडून बघत होती. बाबांच्या हातात पानाच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते हात लांब करून, बोटाला लागणार नाही अशा बेताने दादापुढे धरलं.

"ओला आहे," ते म्हणाले. "वाळायच्या आत लाव."